उलटे पाय

मुलगी शाळेत जायला लागल्यापासून तीन वर्षं मी पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेची, बैठक शिताफीनं चुकवली होती. यंदा ती तिसरीत गेली आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "बाकी सगळ्यांच्या आया येतात." ते वर्मी लागलं, म्हणून गेले.

ऑक्टोबरअखेरीला शाळेत 'फॉल फेस्टिव्हल' असतो. नाव काही असलं तरी तो हॅलोवीनच. कामं वाटली जात होती. भोपळे रंगवणं, डोनटचा स्टॉल, मुलांचे चेहरे रंगवणं, सगळं पटापट गेलं. उरलं भूतघर. बजेट १२० डॉलर. सगळे आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. मी शेजारी बसलेल्या बाईला हळूच म्हटलं, "आमच्याकडे कोकणात भुतं फुकट मिळतात." ती जरा जास्तच मोठ्यानं हसली. काय झालं म्हणून अध्यक्षबाईंनी विचारलं, तिनं सांगून टाकलं, आणि काम माझ्या नावावर चढलं.

पण मी खोटं बोलले नव्हते. माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. मे महिन्यात रात्री दिवे गेले की आम्ही सात-आठ भावंडं खळ्यात आजीभोवती गोळा व्हायचो आणि आजी गावाची शिरगणती केल्यासारखी भुतं मोजायची. शाळेमागच्या पिंपळावर मुंजा. नदीच्या डोहात गिरा. मळ्याच्या वाटेवर चकवा, तो माणसाला रात्रभर एकाच ठिकाणी गोल गोल फिरवतो. आणि बांधावरून जाणाऱ्यांना हाका मारणारी हडळ.

आजीच्या प्रत्येक भुताबरोबर त्याच्यापासून सुटायची युक्तीही यायची. चकवा लागला तर धावायचं नाही, आहोत तिथेच बसून उजाडायची वाट बघायची. हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. आणि हडळ कितीही देखणी दिसली तरी आधी तिचे पाय बघायचे, कारण भुताचे पाय उलटे असतात. आम्ही घाबरायचो, पण गोष्ट संपल्यावर झोपही लागायची. उपाय माहीत असायचा ना!

या पुंजीवर मी कामाला लागले. शाळेनं एक रिकामा वर्ग दिला. घरगुती उपकरणांच्या दुकानातून नवऱ्यानं फ्रिजची मोठमोठी खोकी फुकट आणली, ती उभी करून भुलभुलैया करायचा बेत होता. स्वस्त दुकानातून काळ्या प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ घेतले. भोक पाडलेल्या खोक्यात हात घालायचा, आत तेल लावलेली थंडगार स्पॅगेटी, म्हणजे मेंदू. आणि सोललेली द्राक्षं, म्हणजे डोळे. जांभळा 'ब्लॅकलाइट' दिवा एकीनं घरून आणला. त्याच्या उजेडात साबणाच्या पावडरीत धुतलेलं पांढरं कापड चमकतं आणि टॉनिक वॉटरची बाटली निळी दिसते, कारण त्यात क्विनाइन असतं. आवाजांचं खातं माझ्याकडे होतं. स्टीलच्या परातीत तांदूळ ओतले की पाऊस होतो. आणि भुताची किंकाळी म्हणून मी आमच्या प्रेशर कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली. अमेरिकन बायका ती ऐकून खरंच दचकल्या. एका गुजराती बाईनं मात्र शांतपणे विचारलं, "डाळ किती शिट्ट्यांची?"

खर्च झाला ७४ डॉलर. मी भलतीच खूश होते.

फेस्टिव्हलच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी रंगीत तालीम ठेवली. काम करणाऱ्या पालकांचीच सहा-सात मुलं होती. दिवे बंद केले. दाराला जी काचेची उभी फट असते, तिच्यावर काळा कागद चिकटवला. मी जुनी पांढरी साडी नेसून, केस मोकळे सोडून कोपऱ्यात उभी राहिले. पहिला आत आला तो पहिलीतला एक मुलगा, सहा वर्षांचा. त्याची आई बाहेर कागदी वटवाघळं कापत होती.

दार बंद झालं. मी कुकरची शिट्टी लावली. तो ओरडला नाही, पळालाही नाही. आधी त्यानं काळ्या कागदाकडे पाहिलं. मग भिंतीला धरून दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे माझ्याच कोपऱ्यात, आला आणि गुडघे पोटाशी घेऊन खाली बसला. मी दोन्ही हात वर करून उभीच होते. त्यानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खूण केली. खाली बस. आवाज करू नकोस.

मी बसले.

आम्ही दोघं तसे किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. बाहेर मुलं खिदळत होती. शेवटी माझी मुलगी दार ढकलून आत आली, तिनं दिवा लावला, आमच्याकडे पाहिलं आणि जराही आश्चर्य न वाटता म्हणाली, "आई, तो बरोबर करतोय. दाराला काळा कागद लावला की असंच बसायचं असतं."

न्यू जर्सीत २०१० पासून कायद्यानं प्रत्येक शाळेला दर महिन्याला एक आगीचा सराव आणि एक सुरक्षा सराव घ्यावा लागतो. त्या सुरक्षा सरावांतला एक लॉकडाउनचा. बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरलं तर काय करायचं, त्याचा. दार लावायचं, दिवे घालवायचे, काच झाकायची, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं आणि चिडीचूप राहायचं. १४ डिसेंबर २०१२ ला जवळच्याच कनेक्टिकट राज्यात, न्यूटाउनच्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. ती मुलं सहा-सात वर्षांची होती, याच पोराएवढी. मला हे सगळं माहीत होतं. सरावाच्या दिवशी शाळेची ईमेल येते, ती मी वाचते आणि पुढच्या ईमेलकडे वळते. पण अंधाऱ्या वर्गाचा अर्थ माझ्या मुलीच्या हाडामासात मुरलाय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिच्या शाळेतल्या सगळ्यात वाईट खोलीची हुबेहूब नक्कल केली होती, ७४ डॉलरमध्ये.

त्याच्या आईला मी सांगितलं. ती काही बोलली नाही. हातातलं वटवाघूळ तिनं नीट कापून पुरं केलं, मग म्हणाली, "त्याला सराव चांगला जमतो. बाईंनी स्टिकर दिलाय."

सोमवारी गावाचा फायर इन्स्पेक्टर आला. त्यानं फ्रिजची खोकी, काळं प्लॅस्टिक, सगळं दोन मिनिटांत बाद केलं. मी थोडा वाद घातला. तो चिडला नाही. म्हणाला, "जॅक्सनचं ऐकलंयत का?" मग त्यानंच सांगितलं. ११ मे १९८४. याच राज्यात, जॅक्सनच्या मनोरंजन उद्यानात 'हॉन्टेड कॅसल' नावाचं भूतघर होतं, ट्रेलर एकमेकांना जोडून केलेलं. आत आग लागली आणि आठ मुलं-मुली गेली. सगळी किशोरवयीन. अंधारात वाट दिसावी म्हणून कुणा पोरानं लायटर पेटवला आणि भिंतीच्या फोमनं पेट घेतला, असं साक्षीत पुढे आलं. भूतघरांसाठीचे आगीचे नियम त्यानंतर कडक झाले. "बाहेर जायच्या दाराची लाल पाटी प्रत्येक ठिकाणाहून दिसली पाहिजे," तो म्हणाला. "आणि एक मोठा माणूस दिव्याच्या बटणापाशी. पूर्ण वेळ. तो दुसरं काहीही करणार नाही."

त्या रात्री मी ओट्यापाशी बसून नव्यानं वही उघडली. चार दिवस उरले होते आणि ४६ डॉलर. लायटर पेटवणारा तो पोरगा डोक्यातून जात नव्हता. त्याला फक्त पुढचं दिसायला हवं होतं. आजी आठवली. तिनं आम्हाला कधी अंधारात नुसतं सोडलं नव्हतं. तिची भुतं घाबरवायची, पण सुटकेची युक्ती आमच्या हातात द्यायची. शुक्रवारी मी त्या पोराला काय दिलं होतं? एक बंद दार आणि कुकरची शिट्टी.

म्हणून वर्ग रद्द केला आणि कॅफेटेरिया मागितला. तिथली जेवणाची लांब टेबलं चाकांवर असतात आणि मधून दुमडून उभी केली की माणसाच्या उंचीची होतात. अशा सोळा टेबलांचा भुलभुलैया झाला, पैसा न खर्चता. वरून उघडा, पेटण्यासारखं काही नाही, लाल पाटी कुठूनही दिसते. दिवे मंद ठेवले, पण पूर्ण बंद केले नाहीत. काळा कागद एकाही काचेला लावला नाही. प्रत्येक मुलानं घरून टॉर्च आणायचा आणि टॉर्चचा झोत अंगावर पडला की भुतानं मागे सरायचंच, असा नियम केला. बाहेरच्या दाराशी सगळ्या भुतांनी मुखवटे काढून गोळ्या वाटायच्या. लहानपणी 'अलबत्या गलबत्या' बघताना चेटकीण म्हणजे दिलीप प्रभावळकर आहेत हे आम्हाला घरून सांगून आणलेलं असायचं, तरी भीती वाटायचीच. आणि त्या भीतीची मजा यायची.

शेवटची गोष्ट आजीची. पांढऱ्या कागदाची पावलं कापून मी जमिनीवर चिकटवली. जिथे दोन वाटा फुटतात तिथे भूत कुठे गेलंय ते पावलांवरून ओळखायचं. आत सोडताना मी प्रत्येकाच्या कानात एवढंच सांगायचे, "भुताचे पाय उलटे असतात." म्हणजे बोटं जिकडे, तिकडून भूत आलंय, ते गेलंय टाचांच्या दिशेला. हे ज्याला कळलं, तो बोटांच्या दिशेनं निघून थेट बाहेर. नाही कळलं, तर वळणावर भूत भेटणार, म्हणजे मी किंवा नवरा.

पहिली दहा-बारा मुलं सरळ आमच्या तोंडात आली. मग रांगेत कुजबुज सुरू झाली. मोठी मुलं लहानांना गुपित सांगू लागली. काही जण मुद्दाम भुताच्या वाटेनं यायला लागली. कुकरची शिट्टी झाली की कुठून तरी एक देशी पोरगं ओरडायचं, "जेवायला चला!" तासाभरानं माझा घसा बसला. २०० वर मुलं झाली असतील.

तो पहिलीतला मुलगा साडेसहाला आला. हातात हिरवा टॉर्च, मागे आई. वळणावर तो थांबला, खाली वाकून पावलं बघितली आणि मुद्दाम माझ्याकडे वळला. झोत माझ्या चेहऱ्यावर मारला नाही, पायांवर मारला. टाचा पुढे येतील असे मी नवऱ्याचे जुने बूट घोट्याशी बांधले होते. ते त्यानं नीट तपासले आणि जोरात ओरडला. पहिल्यांदाच. मी मागे सरले. तो आणखी ओरडला, मी आणखी मागे. मग तो हसत बाहेर पळाला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. चार वेळा आला.

६१ डॉलर खर्च झाले त्या दुसऱ्या खेपेला. वरचे १५ मी माझे घातले. ती साडी धुऊन ठेवली आहे. पुढच्या वर्षीचं काम आत्ताच माझ्या नावावर लिहून झालंय.

नोव्हेंबरच्या मध्यावर शाळेची ईमेल आली. आज लॉकडाउनचा सराव व्यवस्थित पार पडला. यावेळी मी ती पुन्हा एकदा वाचली. रात्री मुलीच्या अंगावर पांघरूण घालताना विचारलं, तिथे बसून तुम्ही काय करता?

"काही नाही. गप्प बसतो. मग कुणीतरी येऊन दाराची कडी हलवून बघतं."

"भीती वाटते?"

ती जरा थांबली. "दाराखालच्या फटीतून पाय दिसत होते," ती म्हणाली. "मी नीट बघितले, आई. सरळ होते."

भूत नव्हतं, माणूसच होता, शाळेतलाच कुणी तरी, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आजीकडे सरळ पायांसाठी काही युक्ती होती का, ते मी बराच वेळ आठवून पाहिलं. मग दिवा तसाच चालू ठेवून तिच्याशेजारी आडवी झाले.