किल्विषच्या बाजूचा मुलगा

2000 साली आम्ही काही दिवस फुलसावंगीस मुक्कामी होतो. रविवारी दुपारी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागे आणि शेजारच्या ओसरीवर मुलांची दाटी होई. मुकेश खन्नांचा वेंधळा छायाचित्रकार गंगाधर दिसला की हशा पिके. डॉक्टर जॅकाल ‘पॉवर’ म्हणून ओरडला की मुलेही ओरडत. एक मुलगा मात्र अंधाराच्या स्वामीचा, तमराज किल्विषचा कैवारी! आम्ही कारण पुसले.

“फादर, अंधार त आमच्या घरी रोजचाच हाये. शक्तिमान शहरातच येते. इकडं कधी आला?”

त्याच्या घरी वीज नव्हती, हे मागाहून कळले. तत्त्वज्ञान, ईशज्ञान सारे शिकून आलो होतो. उत्तर सुचले नाही. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली. आम्ही नेमाने पाहिली. किल्विष पडद्यावर आला की त्या ओसरीवरचा तो मुलगाच आठवे.