वेलांटीची वाट

आमचा पुतण्या संकेतस्थळें घडविण्याचा व्यवसाय करितो. दोन पडदे, एक खडखडणारा कळफलक आणि निवलेला चहा, एवढी त्याची सामग्री. त्याच्या वडिलांचें, म्हणजे आमच्या दिवंगत बंधूंचें, १९९८ सालीं संगणकावर उतरविलेलें आत्मवृत्त त्यानें नव्या यंत्रावर उघडलें, तों पानोपानीं रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक गर्दी!

याचें कारण मोठें चमत्कारिक आहे. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट अक्षरें साठवीतच नसत. काना, अर्धा ‘स’, वेलांटी असे तुकडे ते रोमन अक्षरांच्या जागीं बसवीत, आणि तेंहि प्रत्येक निर्मात्याच्या मर्जीप्रमाणें. फॉन्ट हरवला कीं मजकूर मुका झाला. देवनागरीस १२८ स्वतंत्र जागा युनिकोडनें १९९१ सालींच नेमून दिल्या होत्या. परंतु ही सुधारणा आमच्या छापखान्यांच्या वेशीबाहेर कित्येक वर्षें तिष्ठत राहिली, हें वाचकांस ठाऊक आहेच.

पुतण्यानें प्रत्येक तुकड्यास त्याचें अक्षर जुळवून देणारी आज्ञावली लिहिली. खरा छळ केला तो ऱ्हस्व वेलांटीनें. जुन्या फॉन्टांत ती व्यंजनाच्या आधीं, डोळ्यांस दिसते तशी. युनिकोडांत व्यंजनाच्या नंतर, कानांस ऐकूं येते तशी. ‘स्थिती’ शब्दांत ती अर्ध्या ‘स’पाशींच अडे, ‘थ’पर्यंत पोंचेना. तीन रात्री गेल्या.

मग एके सकाळीं त्यानें हांक मारिली. “काका, येथें ‘आशिर्वाद’ असें आलें आहे. ही चूक माझ्या आज्ञावलीची, कीं बाबांची?”

बाबांचीच, आम्हीं सांगितलें. प्रत्येक पत्रांत ते असेंच लिहीत.

त्यानें तो शब्द तसाच ठेविला.