जुन्या जीपला नवे काळीज

ज्यांच्या गोठ्यामागे किंवा चिंचेखाली एखादी जुनी जीप ताडपत्री पांघरून उभी आहे, त्यांच्यासाठी आजचा हा लेख. अशा जीपा आपल्या भागात अजून पुष्कळ आहेत. कुणी सरकारी लिलावात घेतलेली, कुणाला आजोबांकडून आलेली. पत्रा गंजतो, टप फाटतो, पण चासी शाबूत असते आणि घरातल्या माणसांचा जीव तिच्यात अडकलेला असतो. अडते ते इंजिनाशी. तेल खाते, धूर मारते, चढाला दम टाकते. मग कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "साहेब, हिला भारीतले इंजिन टाकायचे आहे. कोणते टाकू?"

वाचकहो, हा प्रश्न मला बियाण्याच्या प्रश्नासारखा वाटतो. कोणते वाण सर्वांत जास्त उतारा देते, असे विचारून भागत नाही. तुमची जमीन कोणती, पाणी किती, हे आधी सांगावे लागते.

ही गाडी मुळात काय आहे ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी विलीज कंपनीने जी जीप बनवली, तिला 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. 1953 साली सीजे-3बी हे मॉडेल आले. त्याचे 'हरिकेन' इंजिन तेवढ्याच मापाचे, पण व्हॉल्व्हच्या नव्या मांडणीमुळे उंच होते, म्हणून त्या जीपचे बॉनेटही उंच झाले. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढे हे उंच बॉनेटचे मॉडेल आपल्याकडे अनेक वर्षे बनत राहिले. पंचायत समितीच्या जीपा आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेल आले. महिंद्रांच्या इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसले, आणि 1980 च्या दशकात फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्याने बनलेले 2112 सीसीचे इंजिनही आले. पहिले संथ पण ओढणारे, दुसरे चपळ, पण रेस ठेवल्याशिवाय चढ न चढणारे. दोन्ही चालवलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

आता अश्वशक्तीचे बघू. एचपीचा आकडा मोठा म्हणजे इंजिन ताकदवान, ही समजूत अर्धीच खरी आहे. चाक फिरवते ती पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क. हिशेब सोपा आहे. अश्वशक्तीला 716 ने गुणावे आणि ती ज्या फेऱ्यांवर मिळते त्या फेऱ्यांनी भागावे, म्हणजे त्या वेगाला टॉर्क किती किलोग्रॅम-मीटर आहे ते निघते. समजा एक इंजिन 4000 फेऱ्यांवर 60 अश्वशक्ती देते. त्याचा टॉर्क तेथे 10.7 येतो. दुसरे 2500 फेऱ्यांवर 50 अश्वशक्तीच देते, पण टॉर्क 14.3. कांद्याची पोती भरून ओढ्यातून वर यायचे असेल, तर मी दुसरे घेईन. पोरे पहिले घेतात.

पण दुसऱ्यातही मेख आहे, आणि गॅरेजमध्ये ती सहसा कुणी सांगत नाही. सीजे-3बीच्या हाऊसिंगमधल्या क्राऊनला 43 दाते आणि पिनियनला 8. म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या जवळजवळ साडेपाच फेऱ्या. सोळा इंची रिमचा मूळचा टायर एका फेरीत सुमारे 2.2 मीटर जातो. करा हिशेब. 4000 फेऱ्या घेणारे पेट्रोल इंजिन ताशी 98 किलोमीटरपर्यंत पोहोचते, 3000 वर थांबणारे डिझेल 74 पर्यंत. आणि कुणी स्वस्तात मिळाले म्हणून 2000 फेऱ्यांचे ट्रॅक्टरचे इंजिन बसवले, तर गाडी ताशी 49 च्या पुढे जाणार नाही, मागून एस.टी. हॉर्न वाजवत राहील. तेव्हा इंजिन घेण्यापूर्वी आपल्या गाडीच्या हाऊसिंगचे दाते मोजून घ्या. चाके उचलून, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून मिस्त्री ते पाच मिनिटांत सांगतो.

याच्या उलट टोकाची हौसही असते. अमेरिकेत जुन्या गाड्यांत आठ सिलिंडरचे मोठे इंजिन कोंबण्याचा छंद फार जुना आहे, आणि हल्ली मोबाईलवर ते पाहून आपली मुलेही पेटतात. पण खुद्द जीप कंपनीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. 1960 च्या दशकात सीजे-5 ला ब्युइकचे सहा सिलिंडरचे, 160 अश्वशक्तीचे इंजिन देताना त्यांनी जुनी गिअरबॉक्स ठेवली नाही, ती बदलली. ज्यांनी गाडी घडवली त्यांनाच एवढी काळजी. आपण मात्र भंगारातून टर्बो डिझेल आणतो आणि साठ अश्वशक्तीसाठी केलेल्या गिअरबॉक्सला जोडतो. जुन्या गाडीला नव्या दमाची खिल्लारी जोडली आणि आस तीच ठेवली, तर पहिल्या चढाला काय होईल?

आस मोडली तर निदान गाडी जागेवर थांबते. खरी भीती ब्रेकची आहे. जुन्या जीपचे ब्रेक नऊ इंची ड्रमचे. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, ते वजन पुढच्या पाट्यांवर येते, आणि वेग वाढला की थांबवण्याचे काम वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 60 ऐवजी 85 ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला दुप्पट उष्णता सोसावी लागते. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा असाच टर्बो बसवलेल्या जीपमधून बाजारची माणसे घेऊन घाट उतरत होता. ब्रेक तापून पायाखाली पेडल खाली गेले. त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून दहा माणसे आज चालती-बोलती आहेत. त्याच्या आईने ती जीप पुन्हा दारात येऊ दिली नाही. वडील मला म्हणाले, "साहेब, इंजिनाला म्हैस विकली होती. ब्रेकला दोन हजार नको म्हणाला."

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. हातात जेवढी रक्कम असेल तिचे आधी दोन भाग करा. एक भाग ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, पाटे आणि रेडिएटर यांना द्या. उरलेल्या भागात जे इंजिन बसेल तेच आपले इंजिन. बहुतेकांना ते मूळ जातीचेच, नीट बांधलेले इंजिन निघेल. बोअर करून, नवे पिस्टन घालून, क्रँक तपासून बांधलेले जुने इंजिन आपल्या गिअरबॉक्सला, हाऊसिंगला आणि फाउंडेशनला जसेच्या तसे बसते. नवे फाउंडेशन वेल्ड करताना शाफ्टचा कोन चुकला, की गाडी जन्मभर थरथरते.

कागदांचेही तसेच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी आर.सी. जुळेनाशी होईल, असा फेरफार मालकाला करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितले. इंजिन त्याच जातीचे असले, तरी आधी आर.टी.ओ.मध्ये विचारून, बिल घेऊन, नवा नंबर आर.सी.वर चढवून घ्यावा. पेट्रोलचे डिझेल करायचे असेल, तर तेथे लेखी उत्तर मिळेपर्यंत पाना हातात घेऊ नका. नंबर जुळला नाही, तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते. समोरच्याची भरपाई मग शेतावर येते.

जुने इंजिन विकत घेताना ते थंड असतानाच पाहायला जा. विकणारा आधीच गरम करून ठेवतो. नंबराच्या जागी कानस फिरलेली दिसली, तर चहासुद्धा न घेता परत या. सुरू झाल्यावर तेलाचे झाकण काढा. भकाभका धूर आला तर रिंगा गेल्या. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट, किंवा हेडला तडा. अर्धा तास चालू ठेवा आणि मग तेलाचा दाब पाहा, थंडीत तो सगळ्यांचाच चांगला असतो. सोबत मिस्त्री न्या, पण ज्याला तेथे दलाली मिळणार नाही असा.