जमावाचे शब्द

खेळ माणसाला घडवितो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु मैदानात उतरतो तो घडतो. कुंपणाबाहेर बसून पाहणाऱ्याला कोण घडविणार? एका संध्याकाळपासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे.

२०२४ साली ईस्टर ३१ मार्चला होता. पवित्र सप्ताहाच्या उपासना आटोपून दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नाशिकच्या आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांसमवेत आम्ही दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. वानखेडे मैदानावर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांचा सामना होता. रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केल्याचा राग लोकांच्या मनात खदखदत होता. नाणेफेकीला तो आला आणि आपल्याच संघाच्या मैदानावर त्याची हुर्यो उडाली. संजय मांजरेकरांना प्रेक्षकांस नीट वागण्यास सांगावे लागले. पुढे खुद्द रोहितने हातांनी खुणा करून लोकांना आवरले. आमच्या खोलीतही मुले ओरडत होती. आम्ही त्यांना थांबविले नाही. उलट, हसलो.

आठच दिवसांपूर्वी, २४ मार्चला, झावळ्यांचा रविवार होता. त्या दिवशी मिस्सामध्ये प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन होते. ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरू वाचतो आणि जमावाचे शब्द भाविक उच्चारतात. ज्याचे जयजयकाराने स्वागत केले, त्याच्याच मृत्युदंडाची मागणी ते शब्द करतात. प्रभूचे शब्द वाचणारे आम्ही, आठ दिवसांनी जमावात जाऊन बसलो होतो!

सर्वच खेळांचा प्रेक्षक असा नसतो. टेनिसमध्ये सर्व्हिस करणाऱ्यासाठी हजारो माणसे श्वास रोखून बसतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेवटून येणाऱ्यालाही टाळ्या मिळतात. आमच्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. तो तिसरा क्रमांक आम्हां नाशिककरांना केवढा अभिमानाचा वाटला! क्रिकेटवर आपले प्रेम अधिक, म्हणूनच की काय, तेथे आपण अधिक निष्ठुर होतो.

परंतु त्याच वानखेडेने दुसरेही दृश्य पाहिले आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत पंचांनी बॉब टेलरला बाद दिले. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना तो बाद नसल्याचे वाटले आणि त्यांनी त्याला परत बोलावले. टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली; भारत तो सामना १० गड्यांनी हरला. पराभव झाला खरा, परंतु चार दशकांनंतरही लोक विश्वनाथांचे नाव आदराने घेतात. भोवती हजारोंचा कोलाहल असताना विवेकाचे ऐकणारा माणूस एकटाच असतो.

२९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक पंड्याने टाकले. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला वानखेडेवर त्याच्याच नावाचा घोष झाला. आमच्या तरुणांनीही जल्लोष केला. जमावाने जयघोष केला. क्षमा मात्र मागितली नाही. जमावाला ती मागता येत नाही. ती एकेकट्यानेच मागावयाची असते. प्रायश्चित्त संस्काराला कोणी घोळक्याने येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्या तरुणांना आम्ही सांगितले, "ईस्टरच्या सोमवारी तुम्ही ओरडलात आणि आम्ही हसलो. आम्ही चुकलो."

एकजण म्हणाला, "पण फादर, आता तर त्याने जिंकून दिले ना!"

"आणि त्या षटकात १६ धावा गेल्या असत्या तर?"

कोणीच बोलले नाही. बऱ्याच वेळाने सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "तर आम्ही पुन्हा ओरडलो असतो."

त्या मुलाची ती कबुली आम्हांस आमच्या प्रवचनापेक्षा मोलाची वाटली.