गुडघ्यांना पटलेली गाडी

उतारवयातली गाडी निवडायची ती गुडघ्यांनी. डोळे चकाकत्या रंगावर लगेच भाळतात; बसण्या-उतरण्याचे कष्ट मात्र गुडघ्यांच्या वाट्याला येतात. सीट बुटकी असली, की अंग धपकन खाली जातं आणि उतरताना दाराची चौकट धरून स्वतःला वर ओढावं लागतं. मांडीच्या उंचीची असली, की पाठमोरं होऊन टेकायचं, मग एकेक पाय सावकाश आत. १९९८ची सँट्रो आणि १९९९च्या अखेरीस आलेली वॅगन-आर, दोन्ही उंच टपाच्या. त्यांच्या रूपाला तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पण त्या टपाखाली आजोबांना टोपी न काढता बसता यायचं, नऊवारीतल्या आजीला कुणाच्या हाताशिवाय उतरता यायचं. माझ्या लेखी गाडीचं याहून मोठं सौंदर्य नाही.

आम्ही जुन्या गाड्या बघत हिंडलो, तेव्हा विकणारे ‘काका, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’ म्हणत बॉनेट उघडायचे. तोवर ही मागचं दार उघडून आत बसलेली असायची. ‘अहो, इथं बसून बघा बरं. पाठ टेकतेय का नीट?’ या एका प्रश्नावर किती चकचकीत गाड्या बाद झाल्या! मानेला आधार, पुढच्या सीटखाली पाऊल सरकवायला जागा, दाराच्या वर धरायला मूठ. लांबच्या प्रवासात माणूस यांच्याच जिवावर तग धरतो.

डाव्या गुडघ्याचं वेगळंच. खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागली, की क्लच दाबून दाबून तो ठणकायला लागतो. २०१४ साली सेलेरिओबरोबर छोट्या गाड्यांत क्लच आपोआप दाबणारे गिअर आले आणि आता ते जुन्या बाजारातही मिळतात. चढावर थांबून निघताना अशी गाडी जराशी मागे सरकू शकते, तेवढी हँडब्रेकची सवय ठेवावी.

आराम झाला, आता भरवसा. पावसाळी रात्री दवाखाना गाठायचा असेल, तर पहिल्या किल्लीला इंजिन बोललं पाहिजे. म्हणून गाडी बघायला सकाळी जावं, इंजिन गार असताना. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली, पायाखालच्या गालिच्यातून कोंदट वास आला, तर ती गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असावी; कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. वरची नक्षी शाबूत असली, तरी रबर वयानं कडक होतंच.

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. सहा-सात वर्षांची गाडी घेतली, की तिची उरलेली वर्षं आणि आपली चालवायची वर्षं साधारण जुळतात. हा हिशेब मांडताना मला जरासुद्धा उदास वाटलं नाही. उलट त्या गाडीबद्दल माया वाटली.

तुम्हीही शोधात असाल, तर ओळखीचा मेकॅनिक जरूर न्या. पण शेजारी जे माणूस बसणार आहे, त्यालाही न्या, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय बयाणा देऊ नका.