मुकी पट्टी

आमच्या चर्चमधल्या पेटीची एक पांढरी पट्टी मुकी होती. मधल्या सप्तकातली. ती दाबली की सूर निघायचा नाही, नुसती हवा फुसफुसायची. मास्तर म्हणायचे, "हितं पेटी गप ऱ्हाती. हितं तुमी गायचं, जोरात." आणि आम्ही पंधरा-वीस पोरं त्या जागेवर आली की छाती फुटेस्तोवर ओरडायचो.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. आठवडाभर ते दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करत. पण नेवासे तालुक्यातल्या आमच्या त्या लहानशा गावात वरच्या आळीपासून खालच्या वस्तीपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. शनिवारी दिवेलागणीला ते हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून चर्चमध्ये यायचे. आम्ही "सलाम मास्तर" म्हणायचो आणि सतरंजीवर बसायचो. कंदील पेटीवर ठेवलेला असायचा.

आमच्याकडं मिशनऱ्यांनी आधी विलायती चालींवर मराठी शब्द बसवले होते. पुढं नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरला राहून त्यांनी ख्रिस्ताची पदं अभंगाच्या, भजनाच्या वळणानं लिहिली. 'उपासना संगीत'मधली ती पदं मास्तर अडखळत वाचायचे, पण चाली मात्र सगळ्या तोंडपाठ. "ही आपल्या मातीतली चाल हाय," म्हणायचे. "आज्जी जात्यावर कशी गाती, तसं गावा."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा साधी. आधी टाळी, मग सा. महिनाभर नुसता सा. आमचा हात आमच्याच छातीवर ठेवायला लावायचे आणि विचारायचे, "घुमतंय का आत?" ज्याला काही केल्या सूर सापडायचा नाही त्याच्या हातात झांज द्यायचे. परत कुणालाच पाठवलं नाही.

१९७२चा दुष्काळ आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, मास्तरही जायचे. आई तिथं मिळालेली सुकडी पदराला बांधून आणायची. त्या वर्षी वाटलं, आता कसलं गाणं! पण पहिल्याच शनिवारी कंदील लागला. मास्तरांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. पट्ट्या नीट दाबता येईनात, म्हणून भाता मारायला मला बसवलं. गाऊन झाल्यावर म्हणाले, "पोटात काय न्हाई म्हून आवाज बारीक लागला. लागूं द्या. पण लागला सुरात." त्या नाताळाला आमच्या अंगावर नवे कपडे नव्हते. गाणी मात्र सगळी झाली.

पुढं मी शिकायला पुण्याला गेलो. तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन होता, चार आवाजांत गाणारी मंडळी होती. पहिल्याच सुट्टीत गावी आलो तो ताठूनच. शनिवारी पोरांसमोर म्हणून गेलो, "मास्तर, ही पेटीच बेसूर आहे. हिच्यावर शिकून पोरांचा काय उपयोग?"

मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग भाता बंद करून म्हणाले, "खरं हाय तुजं. तू शहरात असतोस, येवढी नीट करून आण की बाबा."

"आणतो," म्हणालो.

नोकरी लागली, पगार सुरू झाला, लग्न झालं. गावी यायचो तेव्हा पेटी तिथंच असायची. परत जाताना एसटीत नेहमी गर्दी, हातात सामान, कडेवर मूल. पुढच्या खेपेला नेऊ. मास्तरांनी पुन्हा एकदाही विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर मी कदाचित नेलीही असती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो.

ते गेल्याचा निरोप आला. मी पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. दुसऱ्या दिवशी रविवार. मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला एक पोरगा पेटीवर बसला होता. पोरं गायला लागली आणि ती जागा आली. पेटी गप्प झाली, पोरं जोरात गायली. मला पुढचं गाता येईना.

सोमवारी पेटी गोणपाटात बांधली, मांडीवर घेतली आणि पुण्याला नेली. कारागिरानं पट्टी काढली, आतला सूर बदलला, वाजवून दाखवला. अर्ध्या तासाचं काम. मी दुकानाच्या फळीवर बराच वेळ बसून राहिलो. त्या माणसाला वाटलं, पैशाची अडचण आहे. म्हणाला, "राहू द्या, पुढच्या वेळी द्या."

पेटी परत नेऊन ठेवली. आता सगळ्या पट्ट्या वाजतात. पोरं मात्र त्या जागेवर अजूनही जोरात गातात. नवे पाळकसाहेब एकदा मला म्हणाले, "इथं यांना जरा हळू गायला सांगा ना."

मी नाही सांगितलं.