पुढच्या साली

काही घराण्यांत दम्याचा विकार असतो, काहींत पित्ताचा. आमच्या घराण्यात आशेचा विकार आहे. तो मला वडिलांकडून मिळाला आणि दर वर्षी दिवाळीच्या सुमारास उफाळून येतो. शेतात सीतादही होऊन कापसाची पहिली वेचणी लागावी, घरात चकल्यांचा खमंग वास सुटावा आणि त्याच दिवसांत रणजी करंडकाच्या गप्पा सुरू व्हाव्यात, असा आमच्या अकोल्याच्या घरचा क्रम.

बाबा एका अडत्याकडे हिशेब लिहीत. १९५७-५८ साली विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला, तेव्हापासून त्यांनी त्याला जणू दत्तकच घेतले होते. दत्तक पोर मात्र काही केल्या गुणी निघेना. वर्तमानपत्रात आमच्या पराभवाला जेमतेम दोन ओळी मिळत. बाबा त्या दोनदा वाचत, चष्मा पुसत आणि म्हणत, "पुढच्या साली पाहू."

कॉलेजात असताना मी एकदा चिडून म्हणालो, "बाबा, तुम्ही मुंबईच्या बाजूचे का होत नाही? निदान जिंकल्याचे सुख तरी मिळेल!"

ते शांतपणे म्हणाले, "काहून रे? आपल्या पराटीले एका साली बोंडं कमी लागली, म्हून कोनी दुसऱ्याच्या वावरात येचाले जाते का?"

मी मोठ्याने हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

बाबा २०१४ साली गेले. मी तेव्हा नोकरीनिमित्त अमरावतीस होतो. त्यांच्यामागे एक चष्म्याचे घर आणि ही आशा, एवढीच इस्टेट माझ्या वाट्याला आली.

त्याच सुमारास संघाची नव्याने बांधणी चालली होती. कर्नाटकातून गणेश सतीश आला, मुंबईचा वसीम जाफर आला आणि २०१७ साली चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. शिस्तीचे मोठे कडक गुरुजी, अशी त्यांची ख्याती. नवा कारभारी आला की आमच्यासारख्यांची पंचाईत होते. आशा करावी, तर फसगतीचे भय. न करावी, तर पुढे जिंकल्यावर आनंदावर हक्क सांगायला तोंड राहत नाही! मी वरवर म्हणत होतो, "उसन्या तुपाने पोळी किती दिवस माखणार?" आत मात्र बाबांचा विकार बळावत होता.

डिसेंबरात कोलकात्याला कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना होता. शेवटच्या दिवशी त्यांना ८७ धावा हव्या होत्या, आम्हाला तीन गडी. मी रजेचा अर्ज धाडला. कारण लिहिले, पोटदुखी. ते अगदीच खोटे नव्हते. कर्नाटकाचे शेपूट वळवळत राहिले, धावा कमी होत गेल्या. हिने दोनदा जेवायला हाक मारली. मी ओ दिली नाही. अखेर रजनीश गुरबानीने शेवटचा गडी टिपला, तेव्हा आम्ही अवघ्या पाच धावांनी जिंकलो होतो.

अंतिम सामना इंदूरला, दिल्लीविरुद्ध. गुरबानीने लागोपाठ तीन गडी टिपले, अक्षय वाडकरने शतक ठोकले. पण मला कौतुक आमच्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेचे. त्या पोराने रणजीत पहिले पाऊल टाकले ते थेट अंतिम सामन्यात! १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला. साठ वर्षांनी प्रथमच.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याच्या जुन्या घरी गेलो. बातमी आता दोन ओळींची नव्हती; पण ती दोनदा वाचणारा माणूस तेथे नव्हता. बाबांच्या खुर्चीत बसून मीच ती दोनदा वाचली.

पुढल्या हंगामातही करंडक आमच्याकडेच राहिला. मग २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईने अंतिम सामन्यात आमचा १६९ धावांनी पराभव केला. माझा आठ वर्षांचा नातू रुसून जेवेना. "आजोबा, आपण मुंबईचे होऊ या ना!" तो म्हणाला.

मला हसू आले नाही. मी त्याला जवळ घेतले आणि तोंडातून आपोआप शब्द गेले, "पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली, २ मार्च २०२५ ला, नागपुरास केरळाविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर करंडक पुन्हा आमचा झाला. पोरगा घरभर नाचला. मी चष्मा पुसत होतो.